खाडीकाठचा रुमाल व डोंगरी स्कॉटलंडचा किल्ट : प्रसंगोचित वेषाचा एक तौलनिक विचार

पोशाखाच्या इतिहासाकडे आपल्याकडील अभ्यासकांनी प्रायः दोन दृष्टींनी पाहिले आहे. शिल्पे, चित्रे व वाङ्मय यांतील उल्लेख जुळवून वस्त्रांचा कालक्रम ठरविणे ही एक दृष्टी होय. जातिजमातींची वर्णने करताना 'पोशाख' या मथळ्याखाली चार वाक्ये नोंदविणे ही दुसरी. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या डॉ. गो. स. घुर्ये यांच्या भारतीय वेषभूषेवरील ग्रंथाने (१९५१) पहिल्या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली, आणि मुंबईच्या सोनकोळ्यांसंबंधी विजया पुणेकर यांचा ग्रंथ (१९५९) हा दुसऱ्या पद्धतीच्या पुष्कळ पुढे गेलेला अभ्यास आहे. तथापि या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न राहून जातो. एकच माणूस एकच वस्त्र शेतावर, बाजारात, कचेरीत, लग्नात आणि देवापुढे कसे वेगवेगळे नेसतो, आणि हा भेद पाहणाऱ्याला कशावरून कळतो? प्रस्तुत लेखात हा प्रश्न ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावरील घणसोली गाव व त्याच्या आसपासचा पट्टा समोर ठेवून विचारला आहे. तुलनेसाठी स्कॉटलंडचा किल्ट घेतला आहे. ही जोडी वाचकास प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु दोन्ही वस्त्रे पुरुषाचा गुडघा उघडा ठेवतात, दोहोंवर चौकडी असते, आणि दोन्ही ठिकाणी वस्त्र जवळजवळ तेच राहून त्याच्या भोवतीच्या वस्तूंनी प्रसंग ठरतो. असे असता एक वस्त्र राजदरबारी मान्य झाले आणि दुसऱ्याची गणना 'अर्धनग्न' अशा शब्दाने होत राहिली. ह्या भिन्न गतीचे कारण वस्त्रात सापडत नाही, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

प्रथम किल्टच्या व्यवस्थेचा परिचय करून घेणे सोयीचे होईल, कारण तिचे नियम लिहिलेले आहेत व आजही पाळले जातात. किल्ट म्हणजे लोकरी चौकडीच्या सुमारे आठ वार कापडाला मागच्या बाजूने दाट चुण्या घालून शिवलेले, कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत येणारे वस्त्र. पुढे त्याचे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात. त्याला खिसा नसल्यामुळे पुढे एक पिशवी लटकविलेली असते. तिला स्पोरन म्हणतात. आता दिवसाच्या साध्या प्रसंगी किल्टवर जाड लोकरीचा, ट्वीडचा, कोट घालतात. स्पोरन कातड्याची, मोजे एकरंगी व जाड, बूट मजबूत व चालावयाचे. दुपारच्या समारंभास किंवा विवाहास कोट अधिक काळा व आखूड, त्याखाली वेस्टकोट व गळ्यात टाय. सायंकाळच्या मेजवानीस 'प्रिन्स चार्ली' नावाचा चांदीच्या बटणांचा आखूड कोट, काळा बो, केसाळ कातड्याची व चांदीच्या पट्टीची स्पोरन, आणि ज्यांच्या नाड्या पोटरीवर गुंडाळतात असे पातळ बूट. (हे नाव अठराव्या शतकातील एका राजपुत्राचे असले तरी कोट मात्र विसाव्या शतकातला आहे, पोशाखाच्या क्षेत्रात वंशावळी नेहमीच उदारपणे लावल्या जातात.) याहूनही वरच्या प्रसंगी मखमली बंद कोट व गळ्याशी लेसची झालर. या सर्व पायऱ्यांवर किल्ट मात्र तोच. धनिकाकडे दोन-तीन असतील, सामान्य माणूस एकावरच आयुष्य काढतो. म्हणजे वस्त्र स्थिर आणि परिवार चल, असे या व्यवस्थेचे सूत्र सांगता येईल. चूक होते ती परिवारात. सायंकाळच्या कोटाखाली दिवसाची कातडी पिशवी लटकवली, तर जाणकारास ती पगडीखाली गंजीफ्रॉक दिसावा तशी दिसते.

ही व्यवस्था फार प्राचीन असेल अशी आपली समजूत होते, परंतु ती तशी नाही. सतराव्या शतकातील डोंगरी स्कॉट एक लांबलचक न शिवलेली घोंगडी अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्ट्याने बांधीत असे. तिचाच वरचा भाग खांद्यावर येई आणि रात्री तीच पांघरूण होई. आपल्या धनगराच्या घोंगडीपासून हे फार दूर नाही. त्यातील खालचा अर्धा भाग वेगळा काढून आजचा आखूड किल्ट झाला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. हा बदल टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या मजुरांच्या सोयीसाठी केला, असे एक जुने कथन आहे. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याचा जोरदार पुरस्कार केला. स्कॉटिश अभ्यासकांना ते सर्वस्वी मान्य नाही, आणि तो वाद आपण त्यांच्याकडेच सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच आहे. १७४५ च्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ च्या कायद्याने डोंगरी वेष निषिद्ध केला. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंगवास, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. हा निर्बंध १७८२ पर्यंत टिकला. पण त्यात एक अपवाद होता : सरकारी सैन्यातील डोंगरी पलटणींना तो लागू नव्हता.

किल्टचे पुढचे सर्व भवितव्य या एका अपवादात साठविलेले आहे. गावातील शेतकऱ्याच्या अंगावरून जो वेष उतरविला गेला, तो पलटणीच्या अंगावर राहिला. तेथे त्याला गणवेशाची शिस्त आली. कवायतीचा पोशाख, पहाऱ्याचा पोशाख, मेजवानीचा पोशाख अशा लष्करी पायऱ्या त्याला लागल्या. महाराष्ट्राचा व किल्टचा पहिला ठळक संबंधही याच मार्गाने आला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या वेलस्लीच्या सैन्यात ७४ वी व ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. पुढे १८२२ च्या ऑगस्टमध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा सारा सोहळा डोंगरी वेषात बसविला. खुद्द राजाने किल्ट घातला, आणि त्याखाली उघड्या पायांऐवजी अंगाच्या रंगाच्या तंग विजारी चढविल्या. गुडघा तर दिसावा, पण खरा दिसू नये, अशी ही राजेशाही तडजोड होती! ज्या सखल प्रदेशातील सुशिक्षित स्कॉट मंडळी पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा वेष गुरे चोरणाऱ्यांचा समजत होती, त्यांच्याच वंशजांनी तो त्या आठवड्यात राष्ट्रीय वेष म्हणून धारण केला. त्याच सुमारास मुंबईच्या गव्हर्नरपदावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१८१९-१८२७) हा स्कॉट गृहस्थ होता, त्याच्यामागून जॉन माल्कम हा दुसरा स्कॉट आला, आणि मुंबईच्या किल्ल्यातील स्कॉट लोकांचे सेंट अँड्र्यूज देवालय १८१९ मध्येच उघडले होते. अर्थात् उघड्या गुडघ्याचा राष्ट्रीय वेष घडविणारा समाज आणि खाडीकाठच्या उघड्या गुडघ्यांवर राज्य करणारा अधिकारीवर्ग हे परस्परांस अनोळखी नव्हते.

आता या काठाकडे वळू. पारसिकच्या डोंगररांगेचा पायथा आणि ठाण्याची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत, ऐरोली-रबाळ्याच्या दक्षिणेस व कोपरखैरण्याच्या उत्तरेस घणसोली गाव वसले आहे. आज त्याच्या चोहोंकडे नवी मुंबईची उपनगरी वस्ती, ठाणे-बेलापूर रस्त्याचे कारखाने व रेल्वे आहे. परंतु १९६० च्या आधी येथे डोंगराच्या बाजूस भातखाचरे, खाडीच्या बाजूस खारजमिनी, मिठागरे व मासेमारी हाच व्यवहार होता. पट्टीतील मुख्य वस्ती आगऱ्यांची. भातशेती व मीठ पिकविणे हे त्यांचे परंपरागत उद्योग. कोळ्यांची वस्ती त्यांच्या शेजारी, खाडीच्या अधिक निकट. दोन्ही समाज वेगळे, तरी बोली, देवता व सणवार यांत एवढे मिसळलेले की आज 'आगरी-कोळी' हा जोडशब्दच रूढ आहे. पोशाखातही काही भेद होता, आणि तो पुसून टाकता कामा नये. रुमाल हे प्रामुख्याने कोळ्यांचे वस्त्र होय. आगऱ्याची कामाची लंगोटी व बाहेरचा पंचा किंवा धोतर ही शेतकरी जातींना जवळची. पण वस्त्राला प्रसंगाप्रमाणे परिवार जोडण्याची रीत दोहोंत समान होती.

या रुमालास काही ठिकाणी सुरका असेही म्हणतात. मोठा चौकोनी, बहुधा चौकडीचा वा रंगीत रुमाल तिरपा दुमडून त्रिकोण करावयाचा. त्याची टोके कमरेच्या करगोट्याच्या आधाराने खोवावयाची, आणि त्रिकोणाचा फाळका पुढे मांड्यांवर येऊ द्यावयाचा. बांधणीचे तपशील गावोगाव व पिढीपिढीत बदलतात, पण पाय मोकळे आणि गुडघे उघडे हे लक्षण कायम. याचे कारण उघड आहे. ज्याला ओहोटीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत उतरावयाचे आहे, होडी ढकलावयाची आहे, भिजल्यावर वस्त्र चटकन पिळून वाळवावयाचे आहे, त्याला पायघोळ वस्त्र म्हणजे संकटच. मिठागरात वाफे तुडविणाऱ्या आगऱ्याची गोष्टही तीच. खारट पाण्याने कापड लवकर विरते, म्हणून अंगावर ते जितके कमी तितके बरे. डोंगरी स्कॉटनेही ओल्या गवतातून व ओढ्यांतून चालताना हाच हिशेब केला होता. थंडीच्या देशात उघडे पाय का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. ओल्या विजारीपेक्षा ओले पाय लवकर सुकतात, हेच त्याचे उत्तर.

या वस्त्राच्या पायऱ्या पाहू लागले की तीन ठिकाणी लक्ष द्यावे लागते : कापड, धड आणि डोके. कामावरचा रुमाल लहान, विटका, पुष्कळदा ठिगळांचा; अंग उघडे, पावसाळ्यात डोक्यावर इरले. घराच्या पडवीत बसलेला माणूस त्याच वेषात असला तरी कोणी परका आला की खांद्यावर पंचा टाकी. ही एक लहानशी हालचाल आहे, पण घरगुती व बाहेरचे यांतील सीमारेषा तीच. बाजारास किंवा दुसऱ्या गावी जाताना अंगात बंडी आणि डोक्याला टोपी किंवा मुंडासे. कोळ्यांची तांबडी, कानांवरून खाली उतरलेली टोपी ही तर त्यांची ओळखच होती. सणाला रुमाल नवा, मोठा, रंग भडक, बंडी धुतलेली, ज्याची ऐपत असेल त्याच्या कमरेला चांदीचा करगोटा. स्पोरनच्या चांदीच्या पट्टीने जे काम केले तेच हा करगोटा येथे करीत होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन्ही कमरेशी, दोन्ही उपयोगाच्या वस्तूंपासून निघालेल्या, आणि दोन्हींची धातू पाहून प्रसंग व पत कळे. काही जुन्या छायाचित्रांत तर बंडीवर विलायती धाटणीचा कोट, डोक्यावर टोपी आणि खाली रुमाल व उघडे पाय असा संपूर्ण वेष दिसतो. एडिंबरोच्या रस्त्यावर ट्वीडचा कोट व किल्ट घालून चाललेला गृहस्थ आणि हा कोळी यांच्यात रचनेच्या दृष्टीने मला काहीच भेद दिसत नाही. आपण पहिल्याला रुबाबदार म्हणतो आणि दुसऱ्याकडे पाहून हसतो, हा दोष आपल्या डोळ्यांचा आहे.

येथे थोडे विषयांतर करून धोतराचा विचार करावा लागतो, कारण रुमालाचे पुढे जे झाले त्यात धोतराचा हात आहे. मराठी पांढरपेशा समाजात धोतराचीही अशीच उतरंड होती. घरी पंचा, बाहेर सदरा, टोपी व धोतर, सभेस वा कचेरीस लांब कोट, उपरणे व पगडी. काठ किती रुंद, निऱ्या किती बारीक, सोगा कोठपर्यंत आला, दुटांगी नेसले की कासोटा खोवून मोकळे सोडले, यावरून माणसाचा प्रसंगच नव्हे तर पेशा व वयही ओळखता येई. नागपुरी रेशीमकाठी धोतर नेसलेला माणूस त्या दिवशी शेतावर जाणार नाही, हे कोणालाही कळे. परंतु या उतरंडीला एक वळण असे आहे की ज्याला किल्टच्या व्यवस्थेत जोड नाही. सर्वांत उच्च प्रसंग जो देवपूजेचा किंवा श्राद्धाचा, त्यात परिवार वाढत नाही, गळून पडतो. सोवळ्याचा मुकटा किंवा पीतांबर नेसलेला माणूस अंगातून सदरा काढतो, डोक्यावरून पगडी काढतो, पायांतून वहाणा काढतो. इंग्रजी रीतीत औपचारिकता एकेक थर चढवून वाढते. आपल्याकडे ती एका ठिकाणापर्यंत चढवून वाढते, आणि त्यापुढे उतरवून. म्हणून उघडे धड पाहून 'पोशाख अपुरा' असा निष्कर्ष काढणारा परका निरीक्षक कधी कधी सर्वांत औपचारिक वेषालाच अनौपचारिक समजून बसत असे. देवळात उघड्या अंगाने उभा असलेला शास्त्री आणि मिठागरात उघड्या अंगाने उभा असलेला आगरी यांच्यातील अंतर त्याला जातीवरून कळे, वेषावरून नव्हे.

हे निरीक्षकांचे डोळे कसे होते ते पाहावयाचे असेल तर सरकारी गॅझेटियर चाळावे. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेला ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही या पट्ट्याच्या अभ्यासकाचे त्यावाचून चालत नाही, आणि त्याच्या परिश्रमांबद्दल कृतज्ञ राहूनच पुढील गोष्ट म्हणावयाची आहे. या मालेतील जातिवर्णनांत वरिष्ठ व सुस्थितीतील जातींचा पोशाख सामान्यतः घरचा, बाहेरचा व समारंभाचा असा विभागून सांगितलेला असतो. श्रमिक जातींच्या बाबतीत बहुधा एकदोन वाक्यांत काम भागते. म्हणजे प्रसंगाप्रमाणे वेष बदलण्याची जाणीव ही जणू वरिष्ठांचीच, आणि श्रमिकाला एकच वेष — कामाचा. ज्या वेळी अधिकारी गावात येई त्या वेळी लोक कामावर असत, म्हणून त्याला कामाचाच वेष दिसला असेल, हे एक साधे कारण आहे. दुसरे कारण तितके साधे नाही. ज्याच्याकडे परिवार थोडा, त्याच्या परिवारातील एका वस्तूचा बदल — खांद्यावरचा पंचा, धुतलेली टोपी — परक्याच्या डोळ्यांत भरत नाही. वरिष्ठाच्या वेषात दहा वस्तू बदलतात तेव्हा तो बदल लिहिला जातो. श्रमिकाच्या वेषात एकच वस्तू बदलते, आणि ती अर्थाने दहांइतकी असली तरी लिहिली जात नाही.

रुमालाची सर्वांत वरची पायरी प्रथम ढासळली ती कचेरीच्या दारात. मुंबई इलाख्याच्या १८९० च्या मीठ कायद्यानंतर मिठाचा व्यवहार सरकारी देखरेखीच्या कडक चौकटीत आला. जमिनीच्या सारावसुलीसाठी, फिर्यादीसाठी, गहाणखतासाठी तालुक्याच्या गावी जाणे वाढले. कचेरीत बसलेला कारकून धोतर, कोट व पगडी या वेषात, साहेब विजारीत. दोघांच्याही वेषकल्पनेत गुडघा झाकलेला. तेव्हा अर्ज घेऊन जाणारा माणूस धोतर नेसून जाऊ लागला, यात आश्चर्य नाही. किल्टधारी शिपाई राजासमोर उभा राहू शकत होता, कारण त्याचा गुडघा पलटणीचा होता. रुमालधारी माणूस मामलेदारासमोर उभा राहताना मात्र त्याचा गुडघा त्याच्या गरिबीचा पुरावा ठरत होता. मग लग्नकार्यातही धोतर शिरले. गावातील मान्यवर धोतर नेसू लागले, की नवरदेवाने त्याहून खालच्या वेषात का राहावे? अशा रीतीने रुमालाला बढती बंद झाली. तो कामाचा, सणाचा, होडीचा राहिला, पण सन्मानाचा राहिला नाही.

याच काळात एक उलटा प्रवाहही आला, आणि तो वेगळ्या दिशेने. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुरेस महात्मा गांधींनी आखूड पंचा हा आपला कायमचा वेष केला, आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातील स्वागतसमारंभास ते त्याच वेषात, अंगावर शाल घेऊन, गेले. या प्रसंगाची चर्चा पुष्कळ झाली आहे. पोशाखाच्या इतिहासकाराला मात्र त्यात एवढेच दिसते की उघड्या गुडघ्याला दरबारी प्रवेश मिळविण्यासाठी स्कॉटलंडने शस्त्राचा आधार घेतला आणि गांधींनी नैतिक अधिकाराचा. शाल हा त्यांचा प्रिन्स चार्ली कोट म्हणावयास हरकत नाही! मिठाच्या सत्याग्रहाचे १९३० हे वर्ष तर मीठ पिकविणाऱ्या या किनाऱ्याला विशेष जवळचे. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. घणसोलीचीही ओळख स्वातंत्र्यसैनिकांचे गाव अशी सांगितली जाते. या चळवळीने वेषाला जे दिले ते डोक्यावर दिले. तांबड्या टोपीची व मुंडाशाची जागा पांढऱ्या खादीच्या टोपीने घेतली, आणि ती टोपी सभेची, लग्नाची व अंत्ययात्रेचीही झाली. खालच्या वस्त्राचे काय? गांधींच्या पंचामुळे खाडीकाठच्या रुमालाला प्रतिष्ठा यावयास हवी होती, पण ती आली नाही. ज्याने पंचा स्वेच्छेने पत्करला त्याचा तो त्याग झाला. ज्याच्या वाट्याला तो जन्मतः आला होता, त्याला त्यातून बाहेर पडावयाचे होते. ह्या इच्छेला कोण नावे ठेवील?

यानंतरचा बदल वेगाने झाला, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत उभी राहिली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, त्यांत घणसोलीचीही गणना होते. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण त्या लढ्यातून आले. हा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्या विषयापुरते महत्त्व असे की खाचरे व मिठागरे गेली त्याबरोबर चिखलात उतरण्याचे कामही बहुतांशी गेले. कारखान्याच्या फाटकात विजार व सदरा हाच वेष. अशा रीतीने रुमालाची सर्वांत खालची पायरीही निघून गेली. स्त्रियांच्या वेषाचे तसे झाले नाही. आखूड, कासोट्याचे लुगडे मासळीबाजारात पुढेही पुष्कळ वर्षे दिसत राहिले, कारण मासे विकण्याचे काम त्यांच्या हातून सुटले नव्हते. काम टिकते तेथे कामाचा वेष टिकतो.

किल्टच्या बाबतीतही खालची पायरी गेलीच होती. डोंगरी शेतकरी रोजच्या कामाला किल्ट घालीत नाही, आणि दीडशे वर्षांपूर्वीही फारसा घालीत नव्हता. पण तेथे रिकामी झालेली पायरी दुसऱ्यांनी भरून काढली. १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पतीने बालमोरलची जहागीर विकत घेतली, स्वतः तिच्यासाठी चौकडी आखली, आणि जमीनदार मंडळींनी शिकारीच्या व फिरावयाच्या प्रसंगासाठी ट्वीडचा कोट व किल्ट ही जोडी रूढ केली. म्हणजे आज ज्याला किल्टचा 'साधा' वेष म्हणतात तो शेतकऱ्याचा नव्हे, सुटीवरच्या जमीनदाराचा आहे. पलटणीने वरची पायरी सांभाळली आणि जमीनदाराने खालची नवी बांधली. आमच्या रुमालामागे पलटण नव्हती आणि जमीनदारही नव्हता.

आज रुमाल अगदीच दिसत नाही असे नाही. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत, कार्ल्याच्या एकवीरेच्या चैत्री यात्रेत, शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत कोळीनृत्याच्या वेळी तो दिसतो. आगरी-कोळी गावांतील हळदीचा सोहळा अलीकडे लग्नाहूनही मोठा झाला आहे. त्यात घरच्या बायका एकसारख्या साड्या नेसतात आणि कधी कधी तरुण मंडळी रुमाल-टोपीचा वेष ठरवून घालतात. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी लग्नात कोट-विजारीत किंवा शेरवानीत असतात. म्हणजे रुमालाला हळदीपुरती, आनंदाच्या पण गांभीर्य नसलेल्या अशा एका प्रसंगाची, पायरी मिळाली आहे. तीही नवीच आहे, आणि किल्टच्या उदाहरणावरून पाहता नव्या पायऱ्या खोट्या मानण्याचे कारण नाही. खोटेपणा असेल तर तो अन्यत्र आहे. स्नेहसंमेलनासाठी पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानातील रुमाल शिवलेला असतो, कमरेला इलॅस्टिक असते. मुलगा तो विजारीसारखा ओढून चढवितो. नेसण्याची क्रियाच त्यात उरलेली नाही. एडिंबरोतही विवाहासाठी किल्ट भाड्याने मिळतो, पण भाड्याने देणारा तेथे मोजे कोणते, पिशवी कोणती, बुटाच्या नाड्या कशा गुंडाळाव्यात हे समजावून देतो, कारण प्रसंगाचा भेद त्याला ठाऊक असतो. आमच्या दुकानदाराजवळ 'कोळी ड्रेस' ही एकच नोंद असते. गॅझेटियरने श्रमिकाला जो एकच वेष दिला होता, तोच येथे रंगीत होऊन परत आला आहे.

ही नोंद दुरुस्त करण्यास लागणारी साधने अद्याप खाडीकाठच्या घरांतून आहेत. पेटीच्या तळाशी ठेवलेली, बहुधा १९४० ते १९७० च्या दरम्यानची लग्नाची व कुटुंबाची छायाचित्रे हे त्यांतील पहिले. अशा छायाचित्रात कोण खुर्चीवर आहे आणि कोण जमिनीवर, कोणाचा गुडघा धोतराने झाकला आहे आणि कोणाचा नाही, कोणत्या वर्षी तांबडी टोपी जाऊन पांढरी आली, कोट नवरदेवाचा स्वतःचा आहे की त्याच्या बाहीच्या लांबीवरून तो दुसऱ्याचा मागून आणलेला दिसतो, हे सारे वाचता येते. दुसरे साधन म्हणजे ज्यांनी बालपणी रुमाल बांधलेला पाहिला किंवा स्वतः बांधला अशी वृद्ध मंडळी. गाठ कोणत्या बाजूस, टोक किती लांब, वडीलधाऱ्यांसमोर जाताना ते सारखे कसे करावयाचे, मयतीला जाताना रंगीत रुमाल चाले की नाही, हे प्रश्न त्यांनाच विचारावे लागतील. आणि विचारणाऱ्याने एक चौकोनी रुमाल बरोबर न्यावा, कारण यातील पुष्कळशी उत्तरे तोंडाने देता येत नाहीत, हातांनीच द्यावी लागतात.